तक्रारीसाठी वीस सेकंद

कानांवर हेडफोन, तोंडासमोर माईक,
आणि खोलीत नसलेली एक बाई म्हणते :
तुम्ही घेतलेलं कॉफीचं यंत्र बिघडलं आहे.
दुकानदाराकडे तक्रार करा.
वीस सेकंद.

विल्बेर म्हणाला, "असू दे. होतं असं कधी कधी. धन्यवाद."
उरलेले चौदा सेकंद
तो माईकसमोर अदबीनं बसून राहिला.

हे त्याने मला सांगितलं योएन्सूच्या प्रौढशिक्षण केंद्राबाहेर,
उणे एकोणीसमध्ये,
गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडता खरवडता.
मी हसले. मग हसू गिळलं.
गेल्या खेपेला लेखन हुकलं होतं,
त्याआधी तर जागाच मिळाली नव्हती :
नोंदणी दहाला उघडते,
दहा वाजून चार मिनिटांनी भरलेली असते.

आमचा संसार स्पॅनिशमध्ये झाला,
म्हणजे माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये.
भांडणं, समेट, मुलीचं नाव, सगळं तिच्यातच.
त्या नऊ वर्षांची परीक्षा कुणी घेत नाही.
आता रात्री प्लायवूडच्या कारखान्यातून तो घरी येतो,
केसांत भुसा,
आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी त्याची बायको नसते.
लाल पेन असते.

फिनिशमध्ये पुऱ्या झालेल्या कामाला एक प्रत्यय,
अर्ध्या राहिलेल्याला दुसरा.
पुस्तक वाचून संपलं तर पहिला, वाचणं चालू असेल तर दुसरा.
वाट पाहणं कायम दुसऱ्यात.
प्रेम करणंही.
निबंधात त्याने बायकोवरचं प्रेम
पहिल्या प्रत्ययात लिहिलं.
मी खोडलं.
"पण खरं आहे ते," तो म्हणाला.
"व्याकरणात नाही," मी म्हटलं.
मग बराच वेळ आम्ही दोघंही फ्रिजकडे पाहत राहिलो,
ज्यावर माझ्या अक्षरात चिठ्ठी होती : फ्रिज.

त्याच्या आईची भाषा केचुआ.
ती त्याने सहाव्या वर्षी
आयाकुचोजवळच्या शाळेच्या दाराबाहेर काढून ठेवली,
सुटल्यावर परत पायात घालायची, असं ठरवून.
तिच्यात 'आपण' वेगळं आणि 'आम्ही' वेगळं.
आमच्याकडे दोन्हींना एकच शब्द : मे.

रविवारी माझी आई म्हणते,
"'मे' सॉनाच्या आधी जेवत नाही."
विल्बेर माझ्या कानाशी वाकतो : कुठलं?
अडतीस वर्षं हा शब्द माझ्या तोंडात आहे.
त्याला आत आणि बाहेर असतं
हे मला माहीतच नव्हतं.
मी सांगते, "सूप गार होतंय."

निकाल आला. जेमतेम पास.
बोलण्यात, आश्चर्य म्हणजे, तीन.
(त्या चौदा सेकंदांच्या गप्प बसण्याला
कुणी अस्सल फिनिश समजलं असेल, असं माझा भाऊ म्हणतो.)
मग अर्ज, मग शुल्क, मग पगाराच्या पावत्या,
मग कार्यालयाचं पत्र :
आम्ही तुमच्या प्रकरणावर विचार करत आहोत.
त्या पत्रातलं 'मे' कुठलं
हे त्याने विचारलं नाही.

मेअखेरीस आईकडे बटाटे लावायला गेलो.
आईचं कंबरडं दुखरं, माती अजून थंड,
विल्बेर बांधावर उभा राहून पाहत होता.
आणि अचानक बोलायला लागला.
इतकं खोल नाही लावायचं, आउने,
इतकं जवळ तर नाहीच,
डोळे वर हवेत, माझे आजोबा असते तर
त्यांनी हे सगळं उपटायला लावलं असतं,
आणि ही माती, ही माती दाबू नका, तिला श्वास...
प्रत्यय सगळे चुकले.
मी घड्याळ पाहिलं नाही.

"'मे' असेच लावतो," आई म्हणाली.
"कुठलं?" त्याने विचारलं,
पहिल्यांदाच, तिलाच.
आईला प्रश्न कळला की नाही कोण जाणे.
कुठेतरी कोकीळ ओरडली, मग थांबली.
तिने कुदळ त्याच्या हातात दिली
आणि कंबरेवर हात ठेवून, वाकून,
लावून झालेला पहिला बटाटा
परत वर काढला.